एका उस्तादाचे दोघे

आमच्या यांनी खऱ्या तोडीच्या पैलवानाशी कुस्ती केलीच नाही, हा वाद आमच्या गावात लोहाराच्या भात्यापाशी चालायचा. मेली रिकामटेकडी माणसं! फाळाला धार लावायला यायची आणि जीभ परजून जायची.

"सोनपेठच्या गड्याला पाडलं, पर त्याचे केस पिकले व्हते की," एक म्हणायचा.

"अन् चुडाव्याचा? टेसनावरचा हमाल. हिवतापानं अर्धा झाल्ता बिचारा."

"खरा गडी ताडकळसचा. त्याच्यासंगं का लढत न्हाई पैलवान?"

ताडकळसचा तो मुसलमान गडी यांचा तालीमबंधू. एकाच उस्तादाच्या हाताखाली दोघं लहानाचे मोठे झाले, एकाच तांब्यातलं दूध प्याले. उस्ताद वारले तरी रिवाज मोडला नव्हता. एका उस्तादाचे दोन पठ्ठे जत्रेत समोरासमोर उतरत नसतात. तालमीत रोज झोंबायचे, तिथं कोण खाली जायचं ते त्या दोघांनाच ठाऊक. मी एकदा विचारलं तर हे हसून म्हणाले, "तुला काय करायचंय?" सणाला तो घरी यायचा, मला भाबी म्हणायचा आणि माझ्या हातच्या पुरणपोळ्या मोजायच्या नसतात म्हणून दम द्यायचा.

निजामाच्या राज्याचं ते शेवटचं साल. निजामाच्या बाजूची, खाकी कपड्यातली, भाले-तलवारी घेतलेली टोळी गावोगाव फिरायला लागली होती. आमचा लोहार फाळ कमी आणि त्यांच्या भाल्यांची पाती जास्त ठोकत होता. नाही म्हणायची कुणाची छाती होती? एका दुपारी ती टोळी पाती न्यायला आली, तेव्हा हा वाद ऐन रंगात होता. आणि आमची माणसं! समोर कोण उभं आहे हे बघूनसुद्धा एकाचंही तोंड थांबलं नाही.

टोळीच्या म्होरक्यानं ऐकून घेतलं. यांना बोलावणं धाडलं. हे गेले आणि हात जोडून म्हणाले, "एका उस्तादाचे हाव आमी. लढता येत न्हाई."

"उस्ताद मर गया, रिवाज भी मर गया," तो म्हणाला. ताडकळसच्या येत्या बाजारात कुस्ती ठरली. भात्यापाशी बसलेले आपापले फाळ उचलून घरी गेले.

 हे जिंकले तर मुसलमान गड्याला पाडलं म्हणून ती टोळी गाव पेटवणार. हरले तर हे धड घरी येतील याचा भरवसा नव्हता. भरबाजारात माणसं तोडल्याच्या बातम्या येतच होत्या. मी म्हटलं, "सरहद्दीपल्याड माझ्या मामाकडं जावा." हे म्हणाले, "मी पळालो तर गावाला धरतेल ते." गावाला! ज्यांच्या तोंडानं हे झालं त्यांच्यासाठी! मला इतका संताप आला की चुलीवरची भाकर करपली तरी कळलं नाही.

त्या दिवसांत कुत्री भुंकली तरी मी दाराला कडी घालायची. गावातले लोक यांना बघून रस्ता बदलायचे. फक्त काही पोरं कानाशी येऊन सांगायची, "पैलवान, पाडायचंच त्याला." मेल्यांना कुस्ती बघायची नव्हती, दंगल बघायची होती.

बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारी ताडकळसचा तो गडी आमच्या दारात उभा राहिला. उजव्या हाताला धोतराचं फडकं गुंडाळलेलं, त्यातून रक्त झिरपत होतं. यांनी फडकं सोडलं. बोटं चेचून काळीनिळी झाली होती.

"हाथ पे से गाडी का चाक फिर गया," तो म्हणाला.

जन्मभर बैलगाडी हाकलेला माणूस तो. त्याचा हात चाकाखाली कसा जाईल? यांनी त्याच्याकडं पाहिलं आणि लहान लेकरासारखे रडायला लागले. तोच यांची समजूत घालत होता, "अरे, हाथच नै रहा तो कुश्ती कायकी?"

कुस्ती झाली नाही. म्होरक्यानं शिव्या घातल्या आणि टोळी दुसऱ्या गावाला गेली. भात्यापाशी लोक म्हणाले, पैलवानाचं नशीब दांडगं, पुन्हा वाचला. हे ऐकून घेत राहिले. खरं सांगितलं असतं तर त्या टोळीनं त्याला जिता सोडला नसता.

पुढं निजामाचं राज्य गेलं. आता वारं उलटं फिरलं. आसपासच्या गावांत मुसलमानांची घरं लुटली जायला लागली, म्हणून यांनी त्याला आमच्या घरी आणून ठेवलं. एक दिवस हे त्याला घेऊन भात्यापाशी गेले. मी खुरप्याला धार लावायला तिथंच होते. हे सगळ्यांना म्हणाले, "यानं माझ्यापायी सोताचा हात चाकाखाली घातला. आता तरी ऐका."

लोहार हसला. "म्हंजे भ्यालाच की तो पैलवानाला!"

सगळे ताडकळसच्या गड्याकडं बघायला लागले. चार-पाच जणांजवळ काठ्या होत्या. त्यानं तो वाकडा हात उपरण्याखाली घेतला आणि मान हलवली. "हां जी, डर गया था."

सगळे खो-खो हसले. यांनी बोलायला तोंड उघडलं, त्या काठ्यांकडं पाहिलं आणि खाली बसले. मी खुरपं तिथंच टाकून घरी आले. संध्याकाळी दोघांना जेवायला वाढलं. त्याला घास चुरून दिला, आणि यांच्याशी एक शब्द बोलले नाही.