नवऱ्याचं रिकामं तोंड

मी आणि नवरा एकाच ऑफिसात होतो. गच्चीवर सिगारेट ओढता ओढताच आमचं जमलं. लग्न होऊन मी मरोळच्या गावठाणात आले. सासऱ्यांना दमा, घरात धूर चालणारच नव्हता. आम्ही दोघांनी एकाच दिवशी सिगारेट सोडली. डॉक्टरांनी निकोटिनची गम लिहून दिली.

त्याने ती पावसाळाभर चघळली आणि एक दिवस पाकीट टेबलावर विसरून कामाला गेला. परत कधी मागितलंही नाही. ते उरलेलं पाकीट मी संपवलं आणि पुढे वर्षानुवर्षं चघळतच राहिले.

तो मोबाइल आणि चाव्या घेऊन निघायचा. मी पर्स चाचपून दारातून मागे फिरायचे. केमिस्टकडे गम संपली असली की माझी वाट लागायची. सोफ्यावर तो पेंगायला लागला की त्याचा सैल पडलेला जबडा बघून त्याला गदागदा हलवावंसं वाटायचं. माझा जबडा तोवर कानापर्यंत ठणकत असायचा.

चर्चमध्ये कम्युनियनचा प्रसाद घेण्याआधी तासभर काही खायचं नसतं, म्हणून रविवारी मी घरीच गम टाकून निघायचे. अर्धा मिस्सा होईतो माझे पाय हलायला लागायचे. शेजारी हा डोळे मिटून शांत. एकदा परत येताना मी विचारलं,

“तुला कधीच आठवण येत नाही का रे?”

“कशाची?”

“गमची.”

“नाही गं. चवसुद्धा आठवत नाही.”

निदान खोटं तरी बोलायचं. त्या रागातच मी स्वयंपाकघरातल्या कात्रीने गमचे अर्धे तुकडे केले. काही आठवड्यांनी पाव तुकडे. मधल्या वेळात बडीशेप. बांगड्याचं कालवण करपलं तेव्हा मी ओट्याशी रडायला लागले.

तो म्हणाला, “घे ना एक. सिगारेटपेक्षा बरी ना?”

“तू बोलू नकोस. तुझी फुकटात सुटली.”

“मग मी काय करू?”

“काही नको. गप्प बस.”

तो खरंच गप्प बसला आणि माझ्याजवळ लसूण सोलत राहिला. त्याचाही मला राग आला.

शेवटी पाव तुकडाही बंद झाला. जबडा शांत झाला. पुढे घरच्या जेवणाला पाहुणे आले होते, तेव्हा सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, “माझ्या पोराने मनावर घेतलं म्हणून दोघांची सिगारेट सुटली.”

“मम्मी, माझं सोपं होतं,” तो म्हणाला. “हिने आत्ता गमपण सोडली. ते जड होतं.”

“गम सोडायला काय लागतं?”

सगळे हसले, मीही हसले. तो तेवढा हसला नाही.

हेवा गेला असं मी म्हणणार नाही. अजूनही तो जेवून उठतो, हात धुतो आणि त्याला पुढे काहीच लागत नाही. मी बघत बसते.