निळ्या ताडपत्रीखाली लाल उजेड

आधीच माफी मागते, शुद्धलेखन चुकेल. शाळा चौथीपर्यंतच झाली. अक्षर असं आहे की माझी यादी वाणी मलाच वाचायला लावतो. ही वही अजून कुणाला दाखवलेली नाही. तुमच्या सदरात लोकांचे अनुभव वाचते, कधी धीर झालाच तर पाठवीन.

भूतखेत, करणी मी कधीच मानलं नाही. आमच्या मालवणकडे घरटी एक तरी गोष्ट असते. लहानपणी त्या ऐकता ऐकता मला झोप लागायची, भीती वाटायची नाही. पण हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं...

मी मुलुंड पूर्वेला चार घरी पोळ्या करते. त्यातल्या एका घरी वैदेहीताई राहतात. त्या रविवारी कॅमेरा घेऊन रस्त्यावरचे फोटो काढत फिरतात. इस्त्रीवाला, रिक्षाच्या काचेतलं झाड, असंच काहीबाही. मी बघत राहायची म्हणून त्यांनी मला शिकवलं. "माणूस नंतर बघ," म्हणायच्या. "आधी उजेड कुठून येतो ते बघ."

मला ते वेडच लागलं. माझा मोबाईल बटणांचा होता, म्हणून मोठी बहीण मंगल हिने नवा घ्यायला सात हजार दिले. दर महिन्याला पाचशे फेडायचे ठरले.

मंगल आमच्याच भागातल्या मासळी बाजारात बसते. वर निळी ताडपत्री, त्यामुळे खाली सगळं निळं. बर्फ निळा, पापलेट निळे, बायकांचे चेहरेही निळे. सकाळी आठच्या सुमारास ताडपत्रीच्या फाटक्या जागेतून उन्हाची तिरीप येते आणि थेट मंगलच्या ओट्यावर पडते. कामावर जाताना मी रोज तिथे थांबून एक फोटो काढायची.

त्या ओट्यावरूनच भांडण होतं. तो होता मंगलच्या सासूच्या नावावर. सासू गेली, मंगलचा नवरा तर त्याआधीच गेलेला. दीर विलास याला ओटा विकायचा होता. मंगलचं पोट त्या ओट्यावर, ती हलायला तयार नाही. एका सोमवारी माझ्या देखत त्याने लाथ मारून तिची टोपली उडवली. बांगडे गटारात गेले. तिचे केस मुठीत धरून त्याने तिचं डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं.

"वयनी, ओटो माझ्या आवशीचो आसा. तू कोण?"

मंगलने तोंडातलं रक्त थुंकलं. "तुझ्या आवशीक शेवटची दोन वर्सा कोणी भरवल्यान, ता सांग आधी."

लोकांनी त्याला ओढत नेलं. मंगलने चौकीत तक्रार दिली. त्याला समज देऊन सोडलं.

दुसऱ्या दिवशी मी फोटो काढला. त्यात मंगलच्या उजव्या कोपरावर लाल उजेड पडलेला, हातभर लांबून लाल बल्ब धरावा तसा. समोर बघितलं तर हात निळाच. मला वाटलं मोबाईल बिघडला. बुधवारी तो लाल दंडावर होता. गुरुवारी खांद्यावर.

तिन्ही फोटो मी वैदेहीताईंना व्हॉट्सॲपवर पाठवले होते. त्या म्हणाल्या, "जवळ लाल काहीतरी असणार. लाल बादली, कुणाची साडी. उजेड तिच्यावर आपटून येतो."

शुक्रवारी मी पूर्ण बाजार फिरून बघितला. त्या बाजूला लाल वस्तू नव्हतीच. फोटो काढला तर लाल खांद्यावरून गळ्याच्या मुळाशी आलेला. मंगलला दाखवला.

"बरी दिसतेय की," ती म्हणाली. "नवरी वाटतेय. आता स्थळ बघ माझ्यासाठी."

"मंगल, थट्टा नको. दोन दिवस घरी बस ना."

"आणि खायचं काय, तुझे फोटो?"

शनिवारी मी बाजाराच्या तोंडाशीच थांबून लांबून फोटो काढला. लाल तिच्या मानेवर होता, उजव्या बाजूला. पट्टा सरळ, पट्टीने ओढल्यासारखा.

मला ओरडायचं होतं. पण ओट्यापाशी दोन गिऱ्हाइकं, शेजारच्या ओट्यावर शेवंतामावशी. चार माणसांत माझं तोंडच उघडत नाही, लहानपणापासून. काय सांगणार होते, फोटोत लाल दिसतंय? नुसतं जवळ उभं राहायला निमित्त हवं होतं. हप्त्याची पाचशेची नोट हातात होती. पण भवानी व्हायच्या आधी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री व्हायच्या आधी, मंगल फेडीचे पैसे घेत नाही. म्हणून मी गिऱ्हाइकांच्या मधून नोट पुढे केली आणि म्हटलं, "दोन बांगडे दे."

"माझ्याकडून विकत घेतेस? शेठाणी कधी झालीस गो?"

"दे ना. भवानी माझ्या हातची."

ती हसली. नोट उजव्या हातात घेतली, कपाळाला लावली आणि मग तिच्या सवयीप्रमाणे गळ्याशी नेली. नवरा गेला तरी तिने मंगळसूत्र काढलेलं नाही. भवानीची नोट ती त्याला टेकवते.

विलास कुठून आला ते मला दिसलं नाही. शेवंतामावशीच्या मासे कापायच्या लाकडावरचा कोयता उचललेला तेवढा दिसला. त्याने तो मंगलच्या मानेवर घातला.

मानेवर हात होता. तीन बोटं तुटून बर्फात पडली. पातं बोटांतून जाऊन मंगळसूत्राच्या वाटीवर अडलं, वाटी दुमडली आणि मान वरवर कापली गेली. रक्त माझ्या तोंडावर उडालं, ते गरम होतं. त्याने पुन्हा कोयता उचलला. मी बर्फाचं घमेलं दोन्ही हातांनी उचलून त्याच्या तोंडावर मारलं. तो खाली गेला. मी परत मारलं. त्याचे दात माझ्या पायाशी पडले तरी मी मारत होते. शेवंतामावशीने मला मागून मिठी मारली. "सोड गं पोरी, मरेल तो." त्या दिवशी तो मेला असता तर मला वाईट वाटलं नसतं, हे खरं लिहिते.

मंगल वाचली. डॉक्टर म्हणाले, हात मध्ये नसता तर मान गेली असती. बोटं मात्र जोडता आली नाहीत. विलास तुरुंगात आहे.

आठवड्याने मी मोबाईल उघडला. पाचही फोटोंत लाल उजेड आता एकाच जागी होता, उजव्या हाताच्या तीन बोटांवर. कोपर, दंड, खांदा, मान... सगळं निळं. तशीच वैदेहीताईंकडे गेले. त्यांनी त्यांच्या मोबाईलमधले बघितले. त्यांच्याकडेही बोटांवरच.

"मी कोपरावर पाहिला होता," त्या हळूच म्हणाल्या. "खांद्यावर पण." मग त्यांनी मोबाईल पालथा ठेवला.

मंगल पुन्हा त्याच ओट्यावर बसते. मासे कापून शेवंतामावशी देते. कोयता तिने नवा घेतला. मोबाईलचे पैसे सोड म्हणून मंगल म्हणाली होती, मी ऐकलं नाही. काल भवानी होईपर्यंत थांबले आणि शेवटची पाचशेची नोट पुढे केली.

तिने डावा हात पुढे केला, मग जरा थांबली.

"डाव्याने घेतेय. लक्ष्मीला राग नको यायला."

"तिला माहीत आहे सगळं. घे."

तिने नोट कपाळाला लावली, दुमडलेल्या वाटीला टेकवली आणि कनवटीला खोचली.

"सात हजार," ती म्हणाली. "फिटले गो सगळे."