शेवटचा गडी रोज्यात आहे

मी झोपलो नव्हतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत कुणालाही विचारा, तो नेमकं उलटं सांगेल. सांगू दे. दोराच्या टोकाला मी होतो, ते नव्हते!

गोष्ट आमच्या सोसायटीतल्या रस्सीखेचीची. आमची ए विंग आणि समोरची बी विंग दरवर्षी पार्किंगमध्ये एकमेकांना खेचतात. आमच्याकडून शेवटचा गडी मी. शेवटचा गडी म्हणजे दोर कमरेला गुंडाळून मागे रेलणारा माणूस. त्याला अक्कल लागत नाही, वजन लागतं. (दोन्ही बाबतींत माझी निवड बिनविरोध झाली होती.)

त्या वर्षी सामना नेमका रमजानमध्ये आला. तोही संध्याकाळी, रोजा सुटायच्या तोंडावर. आमचा कॅप्टन सुर्वे घरी आला आणि सोफ्याच्या अगदी काठावर टेकला. आवाज इतका मऊ, की मला वाटलं आमच्याच घरात कुणीतरी गेलंय आणि मला अजून कळलेलं नाही.

"मुनाफभाई, यंदा तुम्ही जरा आराम करा."

"का?"

"नाही म्हणजे, दिवसभर पाण्याचा थेंब नाही. त्यात रात्रीची झोप नाही. उगाच काही झालं तर?"

"म्हणजे माझ्यात दम नाही?"

"दम आहे हो! पण तो संध्याकाळपर्यंत टिकतो का, एवढंच विचारतोय."

रागारागाने खाली उतरलो, तर जिन्यात बी विंगचा कॅप्टन लालवानी. याचं उल्हासनगरला कापडाचं दुकान आहे. माणूस इतका गोड, की गिऱ्हाईक रुमाल घ्यायला जातं आणि पडदे घेऊन येतं. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"साईं, तुम रेस्ट करो. तुम्हारे बिना जीतने में मजा नहीं. लेकिन चलेगा."

कीव! मला शिवी द्या, माझ्या स्कूटरची हवा काढा, पण माझी कीव करू नका. आमचे अब्बा अशाच रमजानात, भट्टीसारख्या शेडमध्ये, एमआयडीसीत पिंपं लोटत आले. कधी रोजा सोडला नाही की पिंप सोडलं नाही. आणि त्यांच्या पोराने खुर्चीवर बसून टाळ्या वाजवायच्या?

"दया नको, दोर द्या!" मी जिन्यातच ओरडलो. "शेवटचा गडी मीच, आणि रोजा ठेवूनच! हरलो तर दरवर्षी बी विंगच्या खुर्च्या मी मांडीन!"

हे ऐकायला अर्धी सोसायटी दारात आली होती. उरलेल्या अर्ध्या सोसायटीला त्यांनी फोन केले.

घरी बायकोने, शमीमने, मला बसवलं. मला वाटलं शाबासकी देणार.

"रोज्याने कुणी कमजोर होत नाही," ती म्हणाली. "तुमची झोप बघा आधी. रात्री तरावीहच्या नमाजाहून आलात की मोबाईल. मोबाईल झाला की पहाटेचं खाणं, सहरी. सहरी झाली की भोंगा होईपर्यंत घोरणं. आणि नाव कुणाचं? रोज्याचं!"

अब्बा पेपरमागून म्हणाले, "रोजा माणसाला कमजोर करत नाही, मुनाफ. तू आधीपासूनच आहेस."

आता या भोंग्याबद्दल सांगायला हवं. आमचं घर एमआयडीसीला इतकं लागून, की कंपनीची पाळी सुटल्याचा भोंगा आमच्या स्वयंपाकघरात वाजतो. रमजानमध्ये रोजा सुटायची वेळ झाली की मशिदीतही आधी भोंगा होतो, मग अजान. दोन्ही भोंगे उल्हासनगरच्या एकाच दुकानातून आणले असावेत, इतके सारखे! पण मी त्याच कंपनीत इतकी वर्षं काढलीत. कुठला भोंगा कुणाचा, हे मी झोपेतसुद्धा ओळखतो. ओळखतो म्हणजे ओळखतो! (हे वाक्य लक्षात ठेवू नका.)

असो. झोपेवर मी उपाय शोधला: तुकडाझोप. रात्रीची अख्खी झोप मिळत नाही ना? मग दिवसभरात तुकडे गोळा करायचे. वडापाव एका घासात खा नाहीतर चार घासांत, पोटात गेला म्हणजे गेला!

"झोप म्हणजे वडापाव नव्हे," शमीम म्हणाली.

मी ऐकलं नाही. कंपनीत पंपाला टेकून एक तुकडा घेतला, साहेबाच्या मीटिंगमध्ये मान डोलावत दुसरा. (साहेब म्हणाले, "मुनाफ एकटाच माझ्याशी सहमत आहे.") एका सकाळी शेअर रिक्षात कंपनीला निघालो आणि तिथेच एक मोठा तुकडा लागला. जाग आली तेव्हा समोर अंगण, अंगणात कोंबड्या, आणि एक बाई माझ्याकडे टक लावून बघतायत. मी उठत नाही म्हणून रिक्षावाला मला तसाच घेऊन सोनिवलीला स्वतःच्या घरी जेवायला आला होता!

"यांना पण वाढू काय?" बाईंनी नवऱ्याला विचारलं.

"नको वहिनी, रोजा आहे," मी म्हणालो, आणि पुन्हा झोपलो.

शेवटी सामन्याचा दिवस आला. रविवार होता, पण केमिकल कंपन्यांना कुठला आलाय रविवार! पार्किंगमध्ये चुन्याची रेघ मारली होती. आमच्या विंगच्या मागे शमीमने चटई अंथरून इफ्तारचं ताट मांडलं होतं: खजूर, कलिंगड, आणि सुर्वेच्या बायकोने खास माझ्यासाठी तळलेली कांदाभजी. ताटाशेजारी अब्बा, हातात काठी. भज्यांचा वास माझ्या मानेवर पाठीमागून हात ठेवून उभा होता.

"मुनाफभाई, अजून वेळ गेलेली नाही," सुर्वे कुजबुजला. "चक्कर आली असं सांगू."

"दोर बांध!"

पहिला डाव आम्ही जिंकलो. दुसरा हरलो. (माझी चप्पल घसरली. झोपेचा संबंध नाही.) तिसऱ्यावर सगळं आलं. शिट्टी झाली, दोर ताणला, आणि थांबला. ना इकडे, ना तिकडे. दोन्ही विंगा लाल होऊन कण्हत होत्या. मी टाचा रोवल्या, पार मागे रेललो. वर आभाळ मस्त गुलाबी झालं होतं. वारा सुटला होता. कमरेला दोराचा आधार, पाठीला पाळण्यात असल्यासारखा झोल. मी ताकद साठवायला डोळे मिटले.

लोक म्हणतात, मी घोरलो. मी दीर्घ श्वास घेत होतो.

"अरे, ये तो सो गया!" लालवानी पलीकडून ओरडला. "खींचो रे, खींचो!"

पण खेचणार कसं? जागा माणूस घाबरतो, पाय हलवतो, सैल पडतो. माझ्यासारखा माणूस (ताकद साठवत असताना) सिमेंटची गोण असतो! बी विंगने जीव तोडून ओढलं, मी बोटभर हललो नाही.

आणि तेवढ्यात भोंगा झाला.

मी डोळे उघडले. डोक्यात एकच शब्द: इफ्तार! दोर, विंग, इज्जत, सगळं विसरलो. गर्रकन वळलो आणि ताटाच्या दिशेने जो सुटलो, तो सुटलोच! कमरेला दोर आहे हे मला आठवलं नाही. माझ्या मागे सुर्वे, सुर्वेच्या मागे आमची विंग, त्यांच्या मागे चुन्याची रेघ पुसत अख्खी बी विंग, आणि सगळ्यात शेवटी लालवानी. बिचाऱ्याने दोन्ही चपला सोडल्या, पण दोर सोडला नाही. वाटेत सेक्रेटरीची स्कूटर आडवी झाली. वॉचमन भिंतीवर चढला. मी चटईवर गुडघे टेकले, खजूर उचलला, दुआ पुटपुटली, खजूर ओठाला लागणार...

फाट्! अब्बांची काठी. खजूर उडून सुर्वेच्या खिशात.

"गाढवा! कंपनीचा भोंगा आहे तो! पाळी सुटली, रोजा नाही!"

 लालवानी आडवा पडून धापा टाकत होता. मग सुर्वे जमिनीवरूनच किंचाळला, "जिंकलो! अरे, आपण जिंकलो!"

"कैसे जीते?" लालवानी धडपडत उठला. "साईं, ये रस्सीखेच नहीं है, किडनॅपिंग है!"

"रेघ ओलांडली का?" अब्बांनी विचारलं.

"ओलांडली, चाचा, लेकिन..."

"मग बस खाली."

तो बसला. दोन्ही विंगा चटईभोवती बसल्या. उभं राहायची ताकद कुणातच उरली नव्हती. (माझ्यात होती, पण दोर सोडवायला कुणी तयार नव्हतं.) लालवानीचा हात सारखा भज्यांकडे जायचा आणि शमीम सारखं ताट मागे ओढायची. "थांबा भाऊ. ज्याचा रोजा आहे, तो थांबलाय ना?" मग मशिदीचा भोंगा झाला. मी हललो नाही. अब्बांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, तेव्हा कुठे खजूर तोंडात टाकला. सुर्वेच्या खिशातलाच.

त्या दिवसापासून मला कुणी आराम करायला सांगत नाही. उलट सुर्वे रमजानचा चंद्र दिसायच्या आधीच दोर घेऊन येतो. यंदा लालवानीही आला होता, पेढे घेऊन.

"मुनाफभाई जरूर खेलेगा. रोजा रखके ही खेलेगा," तो म्हणाला. "बस, एक शर्त है साईं. भजिया का थाली हमारे पीछे रखेंगे."

मी ती अट तिथल्या तिथे मान्य करून टाकली. ताकद माझ्यात आहे, ताटात नाही! पाहिजे तिथे ताट मांडा, म्हटलं.

(फक्त सुर्वेला बाजूला घेऊन सांगून ठेवलंय: ताट खरंच पलीकडे गेलं, तर दोर मला बांधू नकोस.)