अर्ध्या दाढीचे भाऊजी

आमच्या भाऊजींची दाढी पूर्ण झालेली मी या घरात आल्यापासून फार तर दहा वेळा पाहिली असेल. एक गाल तुळतुळीत, दुसऱ्यावर तीन दिवसांचे खुंट. गल्लीतली मुलं त्यांना 'अर्धी दाढी' म्हणतात आणि ते खुशाल ओ देतात.

भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, जुने वस्तरे दुरुस्त करतात. मुलामा उडालेले, गंजाचे ठिपके पडलेले वस्तरे लोक कुठून कुठून घेऊन येतात. जुना मुलामा काढायचा, पातं घासायचं, निकेलचा नवा मुलामा चढवायचा, धार लावायची. आणि स्वतःच्या गालावर चालवून पाहिल्याशिवाय वस्तरा परत द्यायचा नाही, हा त्यांचा नेम. वस्तरे पुष्कळ, गाल दोनच. म्हणून एका वस्तऱ्याला एक गाल, दुसरा पुढच्या वस्तऱ्यासाठी राखीव. लग्न का केलं नाहीत, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "मुलगी बघायला जायचं म्हणजे दोन्ही गाल एकदम खर्च झाले असते, वहिनी."

मागच्या खोलीत त्यांचा संसार आहे. खिडकीखाली मोटरवर फिरणारं चाक, शेजारी पाण्याचं पातेलं, मुलामा चढवायच्या हिरवट पाण्याची काचेची बरणी आणि तिच्यात सोडलेल्या दोन तारा. पातेलं माझं होतं. ते तिकडे गेलं ते गेलंच. पण दिवसभर त्या खोलीतून माणसाच्या गुणगुणण्याचा आवाज येतो, आणि घरात एक माणूस इतका सुखी असला की बाकीच्यांनाही कुरकुर करायची लाज वाटते.

गेल्या महिन्यात कोपऱ्यावरच्या सलूनवाल्या काकांची मुलगी आली. काकांनी चाळीस वर्षं गल्लीच्या दाढ्या केल्या. वर्षापूर्वी आजारात त्यांचा उजवा हात लुळा पडला. आता तो हलतो, बोटं मिटतात, पण काका तो शालीखालून बाहेर काढत नाहीत. डॉक्टर सांगून थकले, की वापराल तर सुधारेल, नाही तर आहे तेही जाईल. काकांचं एकच उत्तर, "हा हात संपला."

मुलीनं त्यांचा वस्तरा रुमालातून काढला. मुलामा निम्मा उडालेला, खाली गंज. "हा पहिल्यासारखा करून द्या," ती म्हणाली. "हातात दिला तर निदान धरतील. दुसरं काही धरत नाहीत."

आता माझा पराक्रम ऐका. चाकावर पातं धरताना भाऊजी हातमोजे घालत नाहीत. बोटाला चटका जाणवला की लगेच पाण्यात बुडवायचं. पातं फार तापलं तर पोलाद नरम पडतं आणि धार टिकत नाही. त्या दिवशी त्यांच्या अंगठ्याला जरासं कापलं होतं. ते नको नको म्हणत असताना मी वर जाडजूड चिकटपट्टी गुंडाळली. करायला गेले एक आणि झालं भलतंच. अंगठ्याला चटका कळलाच नाही, आणि काकांच्या पात्यावर धारेजवळ पोलाद तापल्याचा निळा डाग उमटला.

गुणगुणणं थांबलं, म्हणून मी धावत गेले. भाऊजी पातं हातात घेऊन नुसते बसले होते.

"वरून मुलामा चढवा की," मी म्हटलं. "कोणाला कळतंय?"

"डोळ्यांना नाही कळणार. गालाला कळेल," ते म्हणाले, आणि त्यांनी चिकटपट्टी सोलून टाकली.

तीन दिवस ते दगडावर हातानं पातं घासत होते. निळा भाग संपेपर्यंत धार मागे नेली. पात्याची रुंदी गव्हाच्या दाण्याएवढी कमी झाली. मग धारेवर मुलामा बसू नये म्हणून तिला मेण लावून उरलेल्या पात्यावर तो चढवला, धार लावली, उजवा गाल केला आणि मला म्हणाले, "तुम्ही बरोबर चला. मला बोलायला जमत नाही."

काका त्यांच्या घरी खुर्चीत बसले होते. त्यांनी डाव्या हातानं वस्तरा उघडला, उजेडात फिरवला. मी चार वाक्यं पाठ करून गेले होते, पण ती सुरू करायच्या आतच काका बोलले.

"पातं बारीक झालंय," काका म्हणाले.

"माझ्या हातून तापलं," भाऊजी म्हणाले. "निळं पडलं होतं. जेवढं गेलं तेवढं घासून काढलं. उरलंय ते पक्कं आहे."

"चिकटपट्टी माझी होती," मी म्हटलं.

काकांनी वर पाहिलं. माझ्याकडे नाही, भाऊजींच्या तोंडाकडे. "आणि हे काय अर्धवट?"

भाऊजींनी आपला नेम सांगितला. काकांच्या कपाळावर आठी चढली. "चाळीस वर्षांत माझ्यासमोरून असा माणूस उठून गेला नाही," ते म्हणाले. "ओढा ती खुर्ची. पोरी, पाणी आण."

आणि शालीखालून उजवा हात बाहेर आला.

त्याची बोटं एकेक करून वस्तऱ्याच्या मुठीवर मिटली. भाऊजींनी डोळे मिटून गाल पुढे केला. "फक्त गाल हं, गळा नको," असं मी दोनदा म्हटलं, कोणी ऐकलं नाही. मुलीनं पाणी ठेवलं आणि ती स्वयंपाकघरात गेली, ती काम होईपर्यंत बाहेर आली नाही. एवढ्याशा गालाला अर्धा तास लागला. दोन ठिकाणी रक्त आलं. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

काकांनी वस्तरा पुसून मिटला. लगेच शालीत गेला नाही तो हात, मांडीवरच राहिला.

घरी येताना भाऊजी सारखे गालावरून बोटं फिरवत होते. दारात यांनी पाहिलं आणि विचारलं, "काय रे, आज दोन्ही? मुलगी बघून आलास की काय?" मी सवयीनं चिकटपट्टी काढायला निघाले.

"राहू द्या, वहिनी," भाऊजी म्हणाले. "काकांनी परवा बोलावलंय. डाव्या गालाला हात लावायचा नाही म्हणालेत."