न आलेल्यांच्या अक्षता

या ग्रुपवरचे भुताखेतांचे, चमत्कारांचे अनुभव मी जेवताना वाचते, त्यावरूनच माझा या गोष्टींवर किती विश्वास आहे ते समजून घ्या... मी तालुक्याच्या ऑफिसात क्लार्क आहे. सही-शिक्का असेल तर खरं, नाही तर नाही, अशी सवय लागलेली. तरी हे लिहितेय, कारण ते मी भर दुपारी साडेबारा वाजता, पूर्ण शुद्धीत बघितलंय.

कोरोनाची दुसरी लाट चालू होती. लग्नाला पंचवीस माणसं, दोन तास, बस्स. त्या परवानग्यांची पत्रं माझ्याच टेबलावरून जायची, आणि लोकांचा रागही तिथेच यायचा. "मॅडम, बाजारात गर्दी चालते, अन् आमच्या पोरीच्या लग्नातच कोरोना येते का?" रोज कुणी ना कुणी विचारायचं. मी शिक्का मारायची.

मग माझ्याच धाकट्या बहिणीचं, शुभांगीचं लग्न ठरलं.

आमचं गाव इंझोरी. गावाला लागूनच बाबांचा भाजीचा मळा — वांगी, भेंडी, सांबार म्हणजे कोथिंबीर. गावातल्या एकाही लग्नाची पंगत बाबांनी कधी चुकवली नव्हती. वाढायला सगळ्यांत पुढे तेच. शुभांगीच्या लग्नात अख्ख्या गावाला जेवू घालायचं, ही त्यांची कितीतरी वर्षांची इच्छा. आणि मी त्यांच्यापुढे यादी ठेवली. आपले बारा, त्यांचे बारा, एक भटजी.

"दोन-चार जास्त आले तं कोण मोजते व?" बाबा म्हणाले.

"बाबा, मीच मोजते ना. उद्या मलाच विचारतील."

त्यानंतर लग्नापर्यंतचे चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. शेजारच्या सिंधूकाकूचं नावही मीच यादीतून काढलं होतं. शुभांगीला तिनं कडेवर वाढवलेलं. ती दारात येऊन म्हणाली, "कायले काढलं मले? मी परकी झाली का आता?" चहा न घेताच निघून गेली. मी आत जाऊन रडले, हे आज पहिल्यांदा सांगतेय.

लग्न मळ्यातच होतं. सकाळी आईनं आणि मी अंगण शेणानं सारवलं, वर कापडाचा मांडव. अक्षता मी स्वतः केल्या होत्या. अर्धा किलो तांदूळ, हळद लावून, प्रत्येकाला वेगळी कागदी पुडी, म्हणजे एका ताटात सगळ्यांचे हात नकोत. गावातल्यांना घरी बसून लग्न दिसावं म्हणून मांडवाच्या बल्लीला मोबाईल बांधला आणि सगळ्यांना लिंक पाठवली.

पहिलं मंगलाष्टक नेहमीसारखं झालं. मास्क लावलेली माणसं, लांब लांब उभी. दुसऱ्या "सावधान"ला मात्र अक्षतांचा असा आवाज आला... मोठ्या लग्नात येतो ना, सर्रकन, चारी बाजूंनी? तसा. माझ्या मानेवर, केसांत दाणे पडले. प्रत्येक "सावधान"ला जास्तच. कापडाच्या खाली पडत होते, म्हणजे वरून यायचा प्रश्नच नव्हता. नवरदेवाच्या फेट्यात दाण्यांचा थर साचला. भटजी मध्येच थांबून मागे बघू लागले.

"अवं, एवढे कोण टाकून राह्यलं?" शुभांगीची सासू म्हणाली.

लोक घुसले असणार! मी मांडवाबाहेर धावले. नाल्यापर्यंत नुसती वांगी... चिटपाखरू नाही. परत येऊन डोकी मोजली. पंचवीस. तेवढ्यात शेवटचं "सावधान" झालं आणि पुन्हा तो आवाज. खरं सांगते, तेव्हा भीती नाही वाटली. भरल्या मांडवात उभं राहिल्यावर जी ऊब वाटते, तशी वाटली. शुभांगी हार हातात धरून चक्क हसत होती.

वऱ्हाड दोन वाजता गेलं. मी झाडायला घेतलं तर तीन सुपं भरली. माझे पिवळे तांदूळ होतेच. पण लाल होते, केशरी होते, आणि ज्वारी होती. ज्वारी आम्ही आणलीच नव्हती.

ऊन उतरल्यावर सिंधूकाकू बांधावर आली, लांबच उभी राहिली. राग ओसरलेला दिसत होता. म्हणाली, "मोबाईलवर सारं पाह्यलं व. दारं लावून घरातच अक्षता टाकल्या मी. पण झाडाले घेतलं तं खाली एक दाणा नाही! रेशनचे तांदूळ सरले होते, म्हून ज्वारीले हळद-कुंकू चोळलं होतं..."

बाबांनी सूप तिच्यापुढे ठेवलं. तिनं ज्वारी चिमटीत धरली, हळदीत कुंकू मिसळून केशरी झालेली.

"हे तं माह्यीच आहे," ती म्हणाली, आणि तिथेच बांधावर बसली.

मी संध्याकाळभर गावात फोन लावले. आणखी सहा घरांत तेच. लग्न बघता बघता अक्षता टाकल्या आणि नंतर जमीन स्वच्छ. कुणी म्हणालं चिमण्या, कुणी म्हणालं मुंग्या. सगळ्यांच्या घरी एकाच दुपारी?

फोन ठेवून बाहेर आले तर बाबा पंप बंद करून येत होते. माझ्याजवळ थांबले. "जेवली का व तू?" चार दिवसांनंतरचं पहिलं वाक्य. मला तेवढं पुरलं.

ऑफिसातल्या एकानं नंतर सुचवलं की कुणीतरी लपून सुपानं उधळल्या असतील. मी सगळ्यांना विचारलं. भटजींनाही. ते विषय बदलतात. व्हिडिओत आवाज आहे, दाणे पडताना दिसतात, टाकणारे हात दिसत नाहीत. शुभांगीचा संसार छान चाललाय, तिला एक मुलगीही झाली. निर्बंध गेले, त्यानंतर हजार-हजार माणसांची लग्नं मी पाहिली. तसं पुन्हा कधी झालं नाही. माझ्याकडे आजही स्पष्टीकरण नाही. कुणाकडे असेल तर जरूर सांगा.

मागच्याच आठवड्यात बाबा भेंडी तोडत होते. मी विचारलं, "बाबा, काय झालं असेल हो त्या दिवशी?"

त्यांनी मान वर केली नाही.

"काय झालं म्हंजे? लोक आले, अक्षता टाकल्या, गेले. लग्नात अजून काय होते?"