दारं नसलेली मांडणी

गुरुग्रामच्या आमच्या फ्लॅटचं काम करणारा सुतार पानिपतचा होता. कानावर पेन्सिल आणि प्रत्येक बोलण्याच्या शेवटी ‘देख लो जी’. आम्हाला भिंतीच्या विटा उघड्या ठेवायच्या होत्या आणि स्वयंपाकघरात नुसत्या शिसवी फळ्यांची, दारं नसलेली मांडणी हवी होती. त्याला ते पटत नव्हतं.

“दरवाजे नहीं होंगे तो लोग कहेंगे, मिस्त्री काम छोड़के भाग गया. नाम तो मेरा जाएगा. देख लो जी.”

आयुष्यभर त्याने आपल्या कामावर सनमायका चिकटवला होता. आता प्रत्येक सांधा दिसणार होता. रोज सकाळी तो दारांचं विचारायचा, रोज आम्ही नको म्हणायचो.

मांडणी उभी राहिली, तेव्हा त्याने वर्तमानपत्राचा एक कपटा सांध्यात सरकवून पाहिला. कपटा आत गेला. आम्हाला तिथे फट दिसतही नव्हती. त्याने सगळ्या फळ्या सुट्या केल्या आणि पुढचे चार दिवस सांधे पुन्हा तासले.

काम संपलं त्या दिवशी पुण्याहून काका आले. मांडणी बघून त्यांनी सुतारालाच विचारलं, “अच्छा है. दरवाजा कब लगायेगा?”

आम्ही काही बोलण्याआधी सुतार पुढे झाला. काकांच्याच काखेतल्या वर्तमानपत्राचा कोपरा फाडून त्याने तो त्यांच्या हातात दिला.

“कहीं भी डालके दिखाओ, अंकलजी.”

काकांनी चष्मा लावून एकेक सांधा तपासला. कागद प्रत्येक ठिकाणी दुमडला.

“अब बताओ,” सुतार म्हणाला, “दरवाजा लगा दूँ तो ये कौन देखेगा?”