अक्कांचे पंधरा खेळाडू

बुधवारी सकाळी अक्का गेल्याचं तुम्हा नातवंडांना मीच फोनवर सांगितलं. सई, तुझा पहिला प्रश्न होता, "रविवारपासूनच तिला बरं नव्हतं का गं आजी? तू म्हणालीस, ती झोपलीय." मी "हो" म्हणाले... त्या "हो"ला आता पाच आठवडे झाले. त्याचं खरं उत्तर द्यायला आज बसले आहे. चार लोकांसमोर लिहिलं म्हणजे मागे घेता येणार नाही, म्हणून वर्तमानपत्राच्या या पुरवणीत.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. तलवाड्याला शेत आणि गोठा सांभाळण्यात त्यांचं आयुष्य गेलं; मी अंबाजोगाईत कॉलेजात इंग्रजी शिकवलं. दोघींचे नवरे गेल्यावर त्या माझ्याकडे राहायला आल्या. मला "मास्तरीणबाई" म्हणत. त्यात कौतुक किती आणि चिमटा किती, हे मला कधीच कळलं नाही. तुमच्याशी बोलायचा मान मात्र माझा. वाढदिवसाची पत्रं मी लिहायची, निबंध मी तपासायची, अक्का मागून जाता जाता "जेवले का रे?" एवढंच विचारत.

मग तुम्ही तिकडे कॅनडात बर्फावरच्या हॉकीची ती कागदी स्पर्धा काढलीत. खऱ्या खेळाडूंमधून प्रत्येकाने आपला संघ निवडायचा, ते मैदानात जसे खेळतील तसे गुण आपल्याला. सहा संघ झाले : चार तुम्हा भावंडांचे, एक माझा आणि तुमच्यातल्या नचिकेतच्या हट्टामुळे एक अक्कांचा. मी आठवडाभर वाचून तक्ता केला. अक्कांनी फोटो बघून निवड केली. "ह्यो दात पडलेला द्या मला. पडूनबी खेळतोय, म्हंजी खरा हाय." खेळ पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला हळूच म्हणाल्या, "काहून गं, एवढं पाणी गोठवून त्याच्यावर पळत्यात?" आमच्याकडे तेव्हा नळाला दहा दिवसांनी पाणी येत होतं.

वाद पेटला तो संघात किती खेळाडू ठेवायचे यावर. मी पंचवीस सुचवले होते. कोणी जखमी झाला तर बदली हाताशी हवा. इंग्रजीत दोन पानं, मुद्द्यांना आकडे घालून, सगळ्यांना पाठवली होती. रविवारी फोनवर त्यावर बोलणं चाललं होतं आणि अक्का लसूण सोलत ऐकत होत्या.

"चांगले गडी एकूण हाईत किती?" त्यांनी मधेच विचारलं.

"दीडशे धर," नचिकेत म्हणाला.

"मग सहा जणांनी पंचवीस-पंचवीस बांधून ठेवले, तर ज्याच्या गड्याचा पाय मोडला त्यानं कुणाच्या दारात जायाचं?"

मग त्यांनी तुम्हाला दुष्काळातल्या चारा छावणीची गोष्ट सांगितली. छावणी गावच्या दूध सोसायटीची, आणि सोसायटीच्या पंचांत बाई एकट्या अक्का. घरटी पाचच जनावरं, हा नेम त्यांनी लावून धरला होता. "माझीच नऊ व्हती. पाच आणली, चार भावाकडं धाडली. लई शिव्या खाल्ल्या. पन शेवटाला आलेल्यालाबी दावं बांधाया जागा गावली. तुमी पंधरा ठेवा, बाकीचे मोकळे ऱ्हाऊ द्या."

"अक्का, ते गुरांना ठीक आहे. इथे माणसं आहेत," मी म्हणाले.

"नेम माणसालाच लागतो, मास्तरीणबाई. गुरं पोट भरलं की थांबत्यात."

तुम्ही सगळे टाळ्या वाजवून हसलात. मतं मीच मोजली : पाच विरुद्ध एक. माझी दोन पानं कुणी शेवटपर्यंत वाचली होती का, ते मी विचारलं नाही.

त्यानंतर दर रविवारी पहिला प्रश्न ठरलेला, "मोठी आजी कुठंय?" माझा संघ दुसरा होता, त्यांचा पाचवा, पण विचारपूस त्यांच्या दात पडलेल्याची. मला हेवा वाटत होता. सत्तरी उलटल्यावर, अक्षरओळख जेमतेम असलेल्या माझ्याच जावेचा... दुसरा सभ्य शब्द शोधून पाहिला, सापडला नाही.

त्या शेवटच्या रविवारी तुम्ही विचारलंत तेव्हा अक्का मागच्या अंगणात तूर पाखडत होत्या. सुपाचा आवाज मला स्वच्छ येत होता. मी म्हणाले, झोपल्यात. मग अर्धा तास तुम्ही फक्त माझ्याशी बोललात, आणि तो अर्धा तास मला फार आवडला. फोन ठेवला आणि त्या पदराला हात पुसत आत आल्या.

"पोरांचा फोन व्हता का?"

"हो. घाईत होती."

"बरं. माझ्या गड्याचं फुडल्या रविवारी इचारीन."

बुधवारी पहाटे त्यांचं हृदय थांबलं. सई, त्या रविवारी त्यांना बरं होतं. त्या जाग्या होत्या.

फोन मी नेहमी उभा धरत असे. उभ्या फोनमध्ये एकच चेहरा नीट मावतो. अक्कांना दिसायचं असेल तर माझ्या खांद्यावरून वाकावं लागे, आणि त्यांचे गुडघे दुखत. हे मला माहीत होतं. आता मी तो टेबलावर आडवा ठेवते. परवा नचिकेत म्हणाला, "आजी, मधे सरक ना. अर्धी नुसती भिंतच दिसतेय."

मी सरकले नाही.